पीएसए ७.२ आलाय, प्रोस्टेट रोबोटने काढायची की उघडं ऑपरेशन?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६६ वर्षांचे. लघवीची धार थोडी मंद, बाकी तक्रार नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत पीएसए ७.२ आला आणि घरात दोन तट पडले. एक म्हणतो, प्रोस्टेट काढून मोकळे व्हा, आता रोबोटने होतं, दोन दिवसांत माणूस घरी. दुसरा म्हणतो, मशीनच्या हाती जीव द्यायचा नाही, उघडं ऑपरेशनच बरं. कुणाचं ऐकावं?

आज तरी कुणाचंच नाही. पीएसए ७.२ आणि ऑपरेशनचं टेबल यांच्यामध्ये चार-पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवरून बरेच लोक परत घरी जातात. रोबोट की उघडं, हा त्यातला शेवटचा प्रश्न. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कमी महत्त्वाचाही.

आधी तो आकडा समजून घ्या. प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली असलेली पुरुषांची ग्रंथी, आणि पीएसए हे तिच्या पेशींनी वीर्य पातळ करण्यासाठी बनवलेलं प्रथिन. त्यातलं अगदी थोडं रक्तात झिरपतं. ग्रंथी वयोमानाने मोठी झाली, सुजली, तिच्यावर दाब आला किंवा कॅन्सरने तिची रचना विस्कटली, तर जास्त झिरपतं. यातलं कारण कोणतं, हे रक्ताच्या रिपोर्टला कळत नाही. ४ ते १० या पट्ट्यातल्या लोकांची सरसकट बायोप्सी केली तर साधारण चौघांपैकी एकात कॅन्सर सापडतो, १० च्या पुढे निम्म्याहून जास्त जणांत. उलट बाजूही लक्षात ठेवा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांची बायोप्सी केली, तर १५ टक्के जणांत कॅन्सर निघाला. त्यातले बहुतेक मात्र मवाळ जातीचे. म्हणजे ४ ही काही लक्ष्मणरेषा नाही, अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे चाचणी पुन्हा करणं, पण नीट करणं. दुसऱ्या वेळी आकडा आपोआप खाली आलेला बऱ्याचदा दिसतो. रक्त देण्याआधी ४८ तास वीर्यस्खलन नको, सायकलिंग नको. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी, आधी करून घ्या. इन्फेक्शन निघालं तर ते बरं करून सहा ते आठ आठवडे थांबा. लघवीची नळी घातली असेल, दुर्बिणीची तपासणी किंवा बायोप्सी झाली असेल, तरीही निदान सहा आठवडे. आणि तपासणी त्याच लॅबमध्ये करा. पीएसए मोजणाऱ्या किट्सची जुळणी दोन वेगवेगळ्या मानकांवर होते आणि नुसत्या त्या फरकाने आकडा वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतो. एका लॅबचा ५.८ आणि दुसरीचा ७.२ शेजारी ठेवून 'वाढला' म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही. केस-नखांसाठी बायोटिनच्या जोरदार डोसच्या गोळ्या चालू असतील तर त्या तीन दिवस आधी बंद करा. काही किट्सचं गणित त्या बिघडवतात.

सगळ्यात जास्त वेळा निसटणारी गोष्ट म्हणजे फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड. लघवीची धार सुधारायला या गोळ्या देतात, आणि त्या सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्म्यावर आणतात. गोळी चालू असलेल्या माणसाचा ३.६ हा प्रत्यक्षात ७.२ धरायचा. लॅब त्यावर 'नॉर्मल' छापते, कारण गोळीचं तिला कुणी सांगितलेलं नसतं. केस गळण्यासाठी घेतलेली १ मिलिग्रॅमची गोळीही तेच करते, आणि ती पुरुष 'औषध' म्हणून सांगतच नाहीत. गोळी चालू असताना तळाला गेलेला पीएसए पुन्हा चढू लागला तर आकडा लहान असला तरी तो गंभीरपणे घ्यायचा.

आणखी एक सवय सोडायला हवी: कसलीही लक्षणं नसताना, कल्चरमध्ये काही नसताना 'पीएसए उतरतो का बघू' म्हणून दोन-चार आठवडे अँटिबायोटिक देणं. त्यातून कॅन्सर आहे की नाही ते कळत नाही. आतड्यात मात्र त्या औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात, आणि पुढे गुदद्वारातून बायोप्सी करायची वेळ आली तर तेच जंतू सुईबरोबर आत जातात.

दुसऱ्यांदाही आकडा वरच राहिला तर त्याला ग्रंथीच्या आकाराने भागा. येणाऱ्या आकड्याला घनता म्हणतात. सोनोग्राफीत लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मिळते. तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ ने गुणलं की ग्रंथीचं आकारमान येतं. ७.२ पीएसए आणि ८० मिलिलिटरची ग्रंथी असेल तर घनता ०.०९, हा बहुधा मोठ्या ग्रंथीचाच पीएसए. तोच ७.२ जर ३० मिलिलिटरच्या ग्रंथीतून येत असेल तर घनता ०.२४, आणि ते खटकायला हवं. साधारण ०.१५ ही विचार बदलणारी रेषा. फ्री पीएसएचं, म्हणजे रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेल्या पीएसएचं, प्रमाणही याच पट्ट्यात उपयोगी पडतं: एकूण पीएसएच्या १० टक्क्यांखाली असेल तर संशय वाढतो, २५ टक्क्यांवर असेल तर कमी होतो. पण रक्ताच्या नमुन्यातला द्रव भाग वेगळा न करता तो तासन्‌तास पडून राहिला तर फ्री भाग घटतो आणि निरोगी माणसाचा रिपोर्ट विनाकारण वाईट दिसतो. म्हणून घनतेवर माझा भरवसा जास्त. बोटाने केलेली तपासणी एकटीने फारसं काही पकडत नाही, पण टणक गाठ लागली तर पीएसए कितीही असो, पुढे जायलाच हवं.

मग एमआरआय, आणि तोही बायोप्सीच्या आधी. क्रम उलटा झाला तर सुयांमुळे ग्रंथीत साचलेलं रक्त चित्र गढूळ करतं आणि निदान आठ आठवडे थांबावं लागतं. तपासणीआधी पोट साफ असावं. गुदाशयात वायू असला तर कॅन्सर शोधण्याची सर्वात महत्त्वाची प्रतिमा, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारी डिफ्यूजन प्रतिमा, वेडीवाकडी येते. खुब्याचा कृत्रिम सांधा असेल तरीही तसंच होतं, म्हणून तो आधी सांगा. रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स नावाची १ ते ५ अशी श्रेणी असते. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी. १ किंवा २ असेल, घनता कमी असेल आणि घराण्यात इतिहास नसेल, तर बायोप्सी टाळून पीएसएवर लक्ष ठेवता येतं. ३ म्हणजे रेडिओलॉजिस्टने खांदे उडवले. तिथे घनता निकाल देते. एमआरआय स्वच्छ असला तरी दहापैकी एखाद्याचा महत्त्वाचा कॅन्सर त्यातून सुटू शकतो. त्यामुळे 'एमआरआय नॉर्मल, आता विषय संपला' असं नसतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन गट करून बघितलं होतं. एकात सर्वांची जुन्या पद्धतीची बायोप्सी, दुसऱ्यात आधी एमआरआय आणि संशयित जागा दिसली तरच तिथली बायोप्सी. उपचार लागेल असा कॅन्सर एमआरआय गटात ३८ टक्के लोकांत सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्के. मवाळ कॅन्सर, ज्याचं निदान होऊन नुसती झोप उडते, तो ९ टक्के विरुद्ध २२ टक्के. शिवाय एमआरआय गटातल्या चौथ्या हिश्शाहून जास्त लोकांना सुई टोचावीच लागली नाही.

बायोप्सीला दोन वाटा आहेत. गुदद्वारातून, किंवा अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून. दुसऱ्या वाटेत सुई आतड्यातून जात नाही, त्यामुळे रक्तात जंतू पसरण्याचा धोका फारच कमी होतो. सोय असेल तर तीच मागा. एमआरआयमध्ये दिसलेल्या प्रत्येक जागेतून तीन-चार तुकडे आणि सोबत ग्रंथीच्या बाकी भागांतून, मिळून बहुधा बारा ते सोळा. रक्त पातळ करणारी औषधं कोणती आणि किती दिवस थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच. कमी डोसची ॲस्पिरिन सहसा चालू ठेवता येते. नंतर लघवीत दोन-चार दिवस रक्त आणि वीर्यात काही आठवडे तपकिरी रंग, हे ठरलेलंच. थंडी वाजून ३८ अंशांवर ताप आला तर मात्र गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री रुग्णालयात.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधला ग्लिसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो याचा दोन आकड्यांच्या बेरजेने दिलेला गुण, वाचताना हमखास गैरसमज होतो. बायोप्सीत आता ६ हा सगळ्यात खालचा गुण दिला जातो. '१० पैकी ६ म्हणजे मधला' असं वाटून घरात रडारड होते, प्रत्यक्षात ३+३=६ हा तळाचा, गट १. गोंधळ टाळायलाच १ ते ५ असे गट आणले गेले. ३+४ म्हणजे गट २ आणि ४+३ म्हणजे गट ३: बेरीज दोन्हीची ७, पण वागणूक वेगळी. ८ हा गट ४; ९ आणि १० हा गट ५.

गट १ असेल तर बहुतेकांना ऑपरेशन नको, देखरेख हवी: सहा महिन्यांनी पीएसए, ठरावीक काळाने एमआरआय, साधारण वर्षाने पुन्हा बायोप्सी आणि नंतर दोन-तीन वर्षांच्या अंतराने. ही टाळाटाळ नव्हे, हा उपचाराचाच प्रकार आहे. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत १,६४३ पुरुषांना देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन अशा तीन गटांत चिठ्ठी टाकून वाटलं होतं. पंधरा वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले: प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू देखरेख गटात ३.१ टक्के, ऑपरेशन गटात २.२, रेडिएशन गटात २.९. हा फरक योगायोगाने येण्याइतका लहान आहे. कॅन्सर दूर पसरणं मात्र देखरेखीत ९.४ टक्के आणि ऑपरेशननंतर ४.७ टक्के. ती देखरेख आजच्यापेक्षा ढिली होती, एमआरआय नव्हता, हेही ध्यानात घ्या. गट २ मधल्या निवडक लोकांनाही देखरेखीवर ठेवता येतं. गट ३ पासून पुढे, आणि माणसाला अजून दहा-पंधरा वर्षं आयुष्य आहे असं दिसत असेल, तर उपचाराचा आग्रह धरावा. गट ४-५ असेल तर ऑपरेशनआधी शरीरभर शोध लागतो. पीएसएमए पेट स्कॅन, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरभर शोधणारा स्कॅन, यात जुन्या सीटी आणि हाडांच्या स्कॅनपेक्षा बराच सरस आहे.

सगळ्यांनीच पीएसए करावा का, यावर जगभर भांडण आहे आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. युरोपातल्या मोठ्या चाचणीचा तेवीस वर्षांचा हिशेब २०२५ मध्ये आला. प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावल्यावर आणि १२ जादा निदानं झाल्यावर एक मृत्यू टळला. उरलेल्या अकराजणांना निदानाचा बोजा मिळाला. अमेरिकेच्या सल्लागार समितीने २०१२ मध्ये सरसकट 'नको' म्हटलं आणि २०१८ मध्ये ते बदलून ५५ ते ६९ वयात डॉक्टरशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, सत्तरीपुढे नको, असं केलं. वडील ६६ चे आहेत, प्रकृती चांगली आहे, म्हणून त्यांचा पीएसए करणं चूक नव्हतं. ८२ वर्षांच्या, हृदय अशक्त असलेल्या माणसाच्या तपासणीत तो घुसडणं मात्र चूक.

आता धरून चाला की गट ३ निघाला, कॅन्सर ग्रंथीतच आहे आणि ऑपरेशन ठरलं. त्याआधी एकदा रेडिएशनच्या डॉक्टरलाही भेटा. ऑपरेशन करणाऱ्याला ऑपरेशन आणि रेडिएशन देणाऱ्याला रेडिएशन बरं वाटतं, हे माणसाला धरूनच आहे. दोन्हींचे निकाल तुल्यबळ असताना निवड दुष्परिणामांवर करायची असते. या गटाच्या कॅन्सरमध्ये काही आठवडे विचारात गेले तर काही बिघडत नाही.

रोबोट हा शब्दच फसवा आहे. मशीन स्वतःहून एक टाकाही घालत नाही. पेशंटच्या शेजारी चार हातांची गाडी, काही फुटांवर सर्जन बसतो तो कन्सोल, आणि कॅमेरा-प्रकाशाचा मनोरा, असे तीन भाग. सर्जनची बोटं हलतात तशी आतली ८ मिलिमीटर जाडीची अवजारं हलतात. साध्या दुर्बिणीचं अवजार काठीसारखं सरळ असतं, याच्या टोकाला मनगट असतं. हाताची थरथर गाळली जाते, आणि बोटं तीन सेंटिमीटर हलवल्यावर टोक एकच सेंटिमीटर हलेल असं प्रमाण ठरवता येतं. चित्र त्रिमितीय आणि दहापट मोठं. दा विंची या मशीनला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली. इतक्या वर्षांतली त्याची मोठी उणीव म्हणजे स्पर्श: टाका किती आवळला हे हाताला कळत नाही, ऊती पांढरी पडते का हे डोळ्यांनी ओळखावं लागतं. २०२४ पासून आलेल्या नव्या मॉडेलमध्ये काही अवजारांना दाबाची जाणीव दिली आहे, पण बहुतेक ठिकाणी अजून जुनीच मशीनं आहेत.

भूल दिल्यावर टेबल डोक्याकडून २५ ते ३० अंश खाली झुकवतात, म्हणजे आतडी छातीकडे घसरतात आणि ओटीपोट मोकळं होतं. पोटात पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर इतक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात. हाच दाब बारीक शिरा मिटवतो. रोबोटिक ऑपरेशनमध्ये रक्त कमी जातं त्याचं मोठं श्रेय मशीनला नाही, या वायूला आहे. पण तीन-चार तास उलटं टांगलेल्या शरीराला किंमतही मोजावी लागते. डोळ्यांतला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू असेल तर आधी सांगितलाच पाहिजे. फुप्फुसं दबतात, दम्याचा किंवा धूम्रपानाचा जुना पेशंट असेल तर श्वासाच्या चाचण्या आधी हव्यात. चेहरा सुजतो. खांद्याला किंवा कोपराला गादी नीट नसेल तर हात बधिर होतो, आणि ऑपरेशन फार लांबलं तर पोटऱ्यांचे स्नायूही दुखावतात. मूत्रनलिका, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर नेणारी नळी, जोडली जाईपर्यंत भूलतज्ज्ञ सलाइन हात राखून देतात, नाहीतर लघवीचं तळं सर्जनच्या समोरच साचतं.

पोटावर पाच-सहा छिद्रं. मूत्राशय पोटाच्या पुढच्या भिंतीपासून सोडवून खाली पाडायचा, प्रोस्टेटवरची चरबी काढायची, मग मूत्राशयाची मान आणि प्रोस्टेट यांच्यामधून कापत जायचं. ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात डोकावत असेल तर इथेच फसगत होते: कापण्याची रेषा चुकते किंवा किडनीकडून येणाऱ्या नळ्यांची तोंडं धोक्यात येतात. नंतर शुक्राशय मोकळे करायचे, गुदाशय आणि प्रोस्टेट यांच्यातला पडदा उघडायचा. ग्रंथीच्या दोन्ही कडांना चिकटून लिंगाच्या ताठरतेच्या नसा जातात. त्या वाचवायच्या असतील तर तिथे करंट लावायचा नाही, क्लिप लावून थंड कात्रीने कापायचं, कारण उष्णतेने भाजलेली नस दिसायला शाबूत असली तरी कामाची राहत नाही. नस कोणत्या बाजूची वाचवायची हे एमआरआय बघून आधीच ठरतं; कॅन्सर जिथे आवरणाबाहेर पडताना दिसतो, तिथे नस सोडून देण्यातच शहाणपण. शेवटी ग्रंथीचं टोक. इथे एक-दोन मिलिमीटरचा सौदा असतो: जास्त घेतलं तर लघवी धरणारा स्नायू आखूड होतो, कमी घेतलं तर कॅन्सर कडेला राहतो. मग मूत्राशयाची मान आणि मूत्रनलिका यांना तळापासून सुरू करून दोन्ही बाजूंनी वर गोल टाका. मनगट असलेल्या अवजाराचा खरा फायदा दिसतो तो इथे. जोड झाल्यावर मूत्राशयात दीडशे मिलिलिटरच्या आसपास सलाइन भरून गळती बघतात.

आता रोबोट विरुद्ध उघडं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं. दोन वर्षांनंतरचे निकाल २०१८ साली आले, तेव्हा लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता या दोन्हींत अर्थपूर्ण फरक नव्हता. रोबोटचे ठाम फायदे म्हणजे कमी रक्तस्राव, कमी दुखणं, रुग्णालयात कमी दिवस. ते खरे आहेत, पण 'रोबोटने नसा वाचतातच' हे जाहिरातीतलं वाक्य. तुमच्या वडिलांच्या वाट्याला काय येईल ते मशीनपेक्षा कन्सोलवर बसणाऱ्या हातावर जास्त अवलंबून आहे. उघड्या ऑपरेशनांच्या एका मोठ्या अभ्यासात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण सर्जनच्या सुमारे अडीचशे ऑपरेशनांपर्यंत सुधारत गेलेलं दिसलं होतं. म्हणून विचारा: आतापर्यंत किती केली, गेल्या वर्षात किती, ग्रंथीतच असलेल्या कॅन्सरमध्ये काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडण्याचं प्रमाण किती, वर्षभरानंतर एकही पॅड न लागणारे किती, आणि ऑपरेशनचा कोणता भाग दुसरं कुणी करणार आहे का. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. 'सगळे एकदम छान' हे उत्तर आलं तर त्याने मोजलेलंच नाही असं समजा. हजार उघडी ऑपरेशनं केलेला हात, तीसच रोबोटिक केलेल्या हातापेक्षा मी केव्हाही पसंत करेन.

काय होईल तेही आधी कळलेलं बरं. ऑपरेशनमध्ये लघवीसाठी घातलेली नळी काढली की जवळजवळ सगळ्यांना लघवी गळते. बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत आटोक्यात येते, सुधारणा वर्षभर चालू राहते, थोड्यांची कायम राहते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या महिनाभर आधी शिकून घ्यावेत; नळी असताना ते करायचे नाहीत. ताठरता परत यायला दोन वर्षंही लागतात, आणि ती आधी कशी होती, वय आणि मधुमेह यावर बरंच ठरतं. वीर्य मात्र कायमचं बंद होतं, नस वाचली तरी. हे शेवटचं अनेकांना ऑपरेशननंतर कळतं. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि तो राग रास्त असतो.

घरी आल्यावर नळी साधारण सात ते दहा दिवस. ती अचानक निघून आली तर जवळच्या कुणाकडूनही नवी घालून घेऊ नका. आंधळेपणाने घातलेली नळी कोवळा जोड फाडते. थेट युरॉलॉजिस्टला फोन. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका आणि सहा आठवडे एनिमा नको, कारण गुदाशयाची भिंत जोडाला लागून आहे. पायात गुठळी होण्याचा धोका घरी गेल्यावरही राहतो, म्हणून लसिकाग्रंथीही काढल्या असतील तर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं चार आठवडे देतात. एक पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला तर थांबायचं नाही. लसिकाग्रंथी काढलेल्यांना काही आठवड्यांनी ओटीपोटात जड वाटून ताप आला तर तिथे पाणी साचलं आहे का ते सोनोग्राफीत बघायचं.

पहिला पीएसए सहा ते आठ आठवड्यांनी. घाई करून पंधराव्या दिवशी करू नका: रक्तातला पीएसए निम्मा व्हायला दोन-तीन दिवस लागतात, ७.२ चा ०.१ व्हायलाच जवळजवळ तीन आठवडे जातात, आणि मधला आकडा बघून नाहक घबराट होते. तो ०.१ च्या खाली हवा. पुढे सलग दोनदा ०.२ किंवा जास्त आला तर कॅन्सर परतला असं धरतात. त्या वेळी रेडिएशन द्यायचं असेल तर आकडा ०.५ ला पोचायच्या आत दिलेलं जास्त लागू पडतं.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट. ग्रंथीचा आकार बघायला केलेल्या सोनोग्राफीत किडनीवर गाठ दिसणं अगदी नेहमीचं आहे; आज किडनीचे बहुतेक कॅन्सर असे योगायोगानेच सापडतात. चार सेंटिमीटरपर्यंतच्या घन गाठींपैकी साधारण पाचातली एक निरुपद्रवी निघते. काढायचीच झाली तर किडनी ठेवून फक्त गाठ काढावी, आणि रोबोट आपली खरी किंमत वसूल करतो तो याच ऑपरेशनात. किडनीची धमनी चिमट्याने बंद केली की घड्याळ सुरू होतं. साधारण पंचवीस मिनिटांत गाठ कापून, खालच्या उघड्या नळ्या शिवून, किडनीची जखम मिटवून चिमटा काढायचा असतो. सरळ काठीसारख्या अवजारांनी या वेळात तिरकस टाके घालणं फार थोड्यांना जमतं. किती अवघड जाईल हे गाठीच्या आकारापेक्षा तिच्या जागेवर ठरतं: कडेला बाहेर डोकावणारी पाच सेंटिमीटरची गाठ, रक्तवाहिन्यांना चिकटून आत रुतलेल्या अडीच सेंटिमीटरपेक्षा सोपी. आणि या ऑपरेशननंतर सगळं ठीक असताना दहाव्या-पंधराव्या दिवशी लघवीत अचानक लाल रक्त आलं, तर 'जखम भरताना येतं' म्हणून सोडून द्यायचं नाही. आतली धमनीची फांदी फुग्यासारखी होऊन फुटलेली असू शकते. ती रक्तवाहिनीतून तार घालून बंद करता येते, पण अशी सोय असलेल्या ठिकाणी तासाभरात पोचावं लागतं.

तसंच, न दुखता लघवीतून एकदाही लाल रक्त गेलं असेल तर पीएसए बघत बसू नका. मूत्राशयाच्या कॅन्सरचं ते पहिलं लक्षण असू शकतं, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत. मूत्राशयात दुर्बीण घालून बघणं आणि सीटी, हे दोन्ही लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे आलं असेल ही समजूत अनेकांना महिने वाया घालवायला लावते. गोळी रक्त वाहू देते, पण ते कुठून आलं याचं उत्तर तरीही शोधावं लागतं.

शेवटी तुमच्याबद्दल, कारण प्रश्न मुलाने विचारलाय. वडिलांचं निदान पक्कं झालं तर तुमचा आणि भावांचा पहिला पीएसए पंचेचाळिसाव्या वर्षी. तो १ च्या खाली आला तर दरवर्षी करायची गरज नाही, दोन ते चार वर्षांनी पुरे. वडिलांचा गट ४-५ निघाला, किंवा घराण्यात कुणाला तरुण वयात स्तनाचा अथवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल, मग तो आत्यांकडे असो की आजीकडे, तर वडिलांच्या रक्तात बीआरसीए २ या जनुकाची (ज्यातला दोष या कॅन्सरांचा धोका वाढवतो) तपासणी आधी करून घ्या. त्यात दोष निघाला आणि तुमच्यातही आला असेल, तर पीएसए चाळिशीतच सुरू करून वर्षातून एकदा. आणि ही तपासणी बहिणींनीही करून घ्यायची. त्यांच्यासाठी त्या जनुकाचा अर्थ तुमच्यापेक्षा जास्त गंभीर आहे.